छन्नीच्या वकिलांना उत्तर

ट्रकचा हब उघडायला वेगळा सॉकेट कशाला हवा, असं विचारणारे लोक अनुभवाने कच्चे नसतात. त्यांत उभी हयात गॅरेजात काढलेले मिस्त्री असतात, दहा-पंधरा गाड्यांचे मालक असतात आणि वर्कशॉप सांभाळणारे पदवीधरही असतात. त्यांचं म्हणणं असं: हब नट म्हणजे शेवटी एक मोठा नट. छन्नी टेकवायची, हातोड्याचे चार घाव घालायचे, नट सुटतो. बसवताना उलट्या बाजूने घाव घालायचे, नट बसतो. आजवर गाड्या अशाच चालल्या. मग एका नटासाठी एक गोटी, दुसऱ्यासाठी दुसरी, असा खर्च कशाला?

हे म्हणणं व्यवहारी वाटतं, म्हणून ते टिकून आहे. पण हब नटाचं काम काय, याचाच त्यात विसर पडलेला आहे.

मागच्या चाकाचा हब उघडलेला ज्याने पाहिला आहे त्याला हे माहीत असतं की एक्सल शाफ्ट उपसून बाहेर काढला तरी चाक पडत नाही. शाफ्ट फक्त फिरवण्याचं काम करतो. गाडीचं आणि मालाचं वजन शाफ्टवर नसतं, ते हौसिंगच्या टोकावर असतं आणि तिथून दोन बेअरिंगांमार्फत हबवर उतरतं. ही बेअरिंगं निमुळत्या रोलरची, आपण ज्यांना कोन-कप म्हणतो ती. हेन्री टिमकेन या घोडागाड्या बनवणाऱ्या कारखानदाराने १८९८ साली अमेरिकेत या रचनेचं पेटंट घेतलं. वळणावर चाकाला आडवा जोर बसतो आणि साधे सरळ रोलर तो जोर पेलत नाहीत, ही अडचण त्याने रोलर तिरके करून सोडवली. हौसिंगवर हब, ड्रम आणि दोन टायर एवढा सगळा बोजा धरून ठेवायचं काम मात्र त्या हब नटाकडेच आहे.

रोलर तिरके असल्यामुळे या बेअरिंगची एक अट असते. कोन कपात किती आत बसला, यावर रोलरना मिळणारी मोकळीक ठरते. कोन जास्त आत गेला तर रोलर चिरडले जातात, बाहेर राहिला तर डुलतात. कोन किती आत बसवायचा हे ठरवणारी हबमध्ये एकच गोष्ट आहे, ती म्हणजे हब नट. चाकाचे बोल्ट-नट आवळायचे असतात. हब नट जुळवायचा असतो. छन्नीची बाजू मांडणारे या दोन कामांना एकच समजतात आणि त्यांचा पुढचा सगळा युक्तिवाद या चुकीवर उभा राहतो.

आता जुळवायचा म्हणजे किती, ते आकड्यांत पाहू. अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्सच्या तांत्रिक परिषदेने चाकाच्या बेअरिंगसाठी ६१८ क्रमांकाची शिफारस प्रसिद्ध केली आहे आणि तिथले गॅरेजवाले ती प्रमाण मानतात. तिची पद्धत अशी: चाक फिरवत फिरवत आतला नट २०० फूट-पाउंडांनी, म्हणजे सुमारे २७१ न्यूटन-मीटरने आवळायचा. मग पूर्ण एक फेरा मागे घ्यायचा. पुन्हा चाक फिरवत ५० फूट-पाउंडांनी, म्हणजे सुमारे ६८ न्यूटन-मीटरने आवळायचा. मग आटे किती बारीक आहेत आणि एक्सल पुढचा की मागचा, हे पाहून ठरलेल्या अंशाने मागे आणायचा. लॉक बसवायचं, त्यावरचा बाहेरचा नट, म्हणजे चेक नट, आवळायचा आणि शेवटी डायल गेज लावून हबचा प्ले, म्हणजे उरलेली मोकळीक, मोजायची. ती ०.००१ ते ०.००५ इंच, म्हणजे ०.०२५ ते ०.१२७ मिलिमीटर यांच्यामध्ये यायला हवी.

आपल्याकडच्या गाड्यांच्या कंपन्या आपापल्या पुस्तिकांत आपापले आकडे देतात. ज्या गाडीवर हात आहे तिच्याच पुस्तिकेचा आकडा धरावा, अमेरिकेचा नव्हे. पण कोणतीही पुस्तिका उघडा, त्यात टॉर्कचा आकडा किंवा निदान फेऱ्याचा अंश असतो. ‘चाक जड होईपर्यंत आवळा आणि एक षष्ठांश फेरा मागे घ्या’ अशी जुनी सोपी पद्धत जिथे दिलेली असते, तिथेही एक षष्ठांश म्हणजे ६० अंशच असतात. अंदाजे थोडंसं, असं कुठेच छापलेलं नाही.

इंचाला १२ आटे असलेला नट घ्या. एका पूर्ण फेऱ्यात तो २.१२ मिलिमीटर सरकतो. मान्य प्लेची सगळी हद्द सुमारे ०.१ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे नटाच्या भाषेत १७ अंश. आठ बाजूंच्या नटाची एक बाजू ४५ अंशांची असते. म्हणजे बरोबर आणि चूक यांच्यामधली जागा त्या नटाच्या अर्ध्या बाजूपेक्षाही कमी आहे. छन्नीवरच्या एका घावाने नट किती अंश फिरेल, हे घाव घालणाऱ्याला आधी कळत नाही. नट सैल असेल तर तो अर्धी बाजू पळतो, जाम असेल तर फक्त त्याचा कोपरा चेपतो. अशा हत्याराने १७ अंशांच्या हद्दीत थांबणं हा योगायोग असतो.

बचावाची पहिली बाजू असते हाताच्या अंदाजाची. जुन्या मिस्त्रीच्या हाताला कळतं, असं सांगितलं जातं. त्या हाताला मी कमी लेखत नाही. इंजिनाचा आवाज ऐकून कुठला इंजेक्टर गेला आहे हे सांगणारी माणसं आपल्या गॅरेजांत आहेत आणि त्यांच्या कसबाला तोड नाही. पण हाताला जे कळतं ते पान्यातून कळतं. पान्याचा दांडा लांब असतो, जोर सलग जातो, नट कुठे अडला आणि कुठे बसला हे तळहाताला जाणवतं. छन्नीवर हातोडा मारताना हाताला फक्त दणका कळतो. मिस्त्रीचं खरं कसब छन्नी त्याच्याकडून हिरावून घेते. त्याला चांगला सॉकेट आणि लांब दांडा द्या, त्याचा अंदाज पुस्तिकेच्या कितीतरी जवळ जाईल. छन्नीने आवळून झाल्यावर चाकाला वर-खाली हलवून ‘प्ले नाही’ असं सांगणं मात्र अंदाजातही बसत नाही. ०.०२५ आणि ०.१२७ या दोन्ही मापांत चाक हाताला सारखंच लागतं, आणि प्ले अजिबात नसून बेअरिंग दाबाखाली असेल तरीही सारखंच. तिसरी अवस्था सगळ्यांत धोक्याची, आणि नेमकी तीच हाताला सर्वांत पक्की वाटते.

चाक फिरवत आवळण्याची अट वरवरची वाटते, पण या कामाचा जीव तिच्यात आहे. चाक फिरलं की तिरके रोलर आपल्या जागी सरकतात, त्यांची रुंद टोकं कोनाच्या कडेला टेकतात. स्थिर चाकावर नट आवळला तर रोलर वाकडेतिकडे राहतात आणि नट घट्ट झाल्याचा भास होतो. गाडी थोडी चालली की ते जागी बसतात, नट सैल पडतो, हब डुलायला लागतो. एका हाताने छन्नी धरून दुसऱ्याने हातोडा चालवणारा माणूस ड्रमसकट हब फिरता ठेवू शकत नाही. सॉकेटमध्ये टॉर्क पाना अडकवलेला असला की एक जण चाक फिरवतो, दुसरा आवळतो. टॉर्क पान्याच्या चौकोनाला छन्नी बसत नाही, त्याला सॉकेटच लागतो. योग्य सॉकेट नसलेल्या गॅरेजात टॉर्क पाना असला तरी हब नटाच्या कामाला तो निरुपयोगी आहे.

दुसरी बाजू: ‘इतकी वर्षं चाललंच की.’ चाललं, हे खरं आहे. पण न चाललेल्या गाड्यांचा हिशेब कुणाच्या नावावर मांडला, तो आधी तपासा. बेअरिंग जळालं की कारणं ठरलेली असतात: माल जास्त होता, बेअरिंग डुप्लिकेट होतं, ग्रीस हलकं होतं. तिन्ही कारणं खरी असू शकतात. आपल्याकडे जादा भरणा होतो आणि नकली बेअरिंगही बाजारात आहेत. पण बेअरिंग जळताना खुणा सोडतं. रोलर निळे-तपकिरी पडले असतील, त्यांची रुंद टोकं घासून खरवडली असतील, तर बेअरिंग फार आवळलं होतं किंवा त्याला वंगण पुरलं नाही, या दोन शक्यता आधी तपासायच्या असतात. कप आपल्या बैठकीत फिरून झिजला असेल, सील एका बाजूने कापलं असेल, तर हब सैल होता का हे बघायचं असतं. या खुणा वाचून नटापर्यंत माग काढायला नट जसा होता तसा सापडावा लागतो. छन्नीने उडवलेल्या नटावरून तो किती अंशावर बसला होता हे कुणीही सांगू शकत नाही. पुरावा नष्ट करून मग गुन्हा झालाच नाही असं म्हणण्यातला हा प्रकार आहे.

आणि चूक झालेली गाडी गॅरेजच्या दारात थांबत नाही. नट जास्त आवळलेली गाडी खंबाटकीच्या किंवा कसाऱ्याच्या उतारावर येते तेव्हा ब्रेक ड्रम आधीच तापलेला असतो आणि ती उष्णता हबमध्ये उतरते. आतून बेअरिंग स्वतःच तापत असतं. ग्रीस पातळ होऊन सीलमधून बाहेर येतं आणि लायनरवर जातं. त्या चाकाचा ब्रेक तिथेच अर्धा मेला. नट सैल असेल तर हब डुलून सील कापतो आणि ग्रीस पुन्हा लायनरवरच जातं. बेअरिंग पार फुटलं तर हब हौसिंगवरून सुटून ड्रम-टायरसकट निघू शकतो. उतारावर एकट्याने पळत सुटलेलं ट्रकचं चाक समोरच्या दुचाकीवाल्याला काय करतं, ते लिहायची गरज नाही.

खर्चाच्या बाजूला मी सगळ्यांत जास्त वेळ देतो, कारण ती प्रामाणिक आहे. हब ग्रीसिंगचं काम आपल्याकडे बहुतेक उक्तं असतं. मिस्त्रीला कामाचे पैसे मिळतात, तासांचे नाहीत. सॉकेटचा खर्च त्याच्या खिशातून जातो आणि जळालेल्या बेअरिंगचा खर्च मालकाच्या. रस्त्यात गाडी बंद पडली तर रात्र ड्रायव्हरची जाते. ज्याने पैसे घालायचे त्याला फायदा दिसत नाही आणि ज्याचा फायदा आहे तो गॅरेजात उभा नसतो. म्हणून मिस्त्रीला दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. पण हिशेब त्याच्या बाजूनेही एकदा मांडून पाहावा. छन्नीने नटाचे कोपरे गेले की पुढच्या वेळी तोच नट सोडवायला दुप्पट वेळ लागतो. घाव घसरला तर हौसिंगच्या आट्यांवर बसतो. आटे गेले की नवा नटही सरळ चढत नाही, मग वेल्डिंग, मग लेथ, आणि उक्त्या कामात हा सगळा वेळ फुकट जातो. सॉकेट एकदा घेतला की त्याच्यावर पुढे कित्येक हब उघडतात. छन्नीला मात्र दर काही हबांमागे धार लावावी लागते आणि तिचं डोकं फुलून त्याच्या कपच्या उडतात.

या कपच्यांबद्दल सॉकेटच्या किमतीवर बोलणारे गप्प असतात. हातोडा मिस्त्रीच्या हातात असतो, छन्नी बहुधा हेल्पर पोऱ्याच्या. घाव चुकला तर बोटं त्याची. कपची उडाली तर डोळा त्याचा. तेच पोलादी तुकडे हबच्या तोंडातून आत पडतात, नव्या ग्रीसमध्ये मिसळतात आणि रोलरखाली जातात. नवं बेअरिंग बसवताना त्यातच किस टाकण्याचं हे काम आहे.

राहिला मापांचा मुद्दा. दर गाडीचा नट वेगळा, किती सॉकेट घ्यायचे? प्रश्न रास्त आहे. उत्तर गाडीच्या नावावरून शोधू नका, कारण एकाच नावाच्या गाडीखाली वेगवेगळे एक्सल येतात आणि ट्रेलरचा एक्सल तर बहुधा ट्रकच्या कंपनीचा नसतोच. एक्सलवरची पट्टी वाचा. ती गंजून गेली असेल तर नट मोजा. पाहायचं ते असं: नट सहा बाजूंचा की आठ, की गोल असून त्याला खाचा आहेत, की तोंडावर फक्त भोकं आहेत. खाचांचा असेल तर खाचा किती, त्यांची रुंदी आणि खोली किती. समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने घ्यायचं, टेपने नाही. पुढच्या स्टब एक्सलवर स्प्लिट पिनचा कॅसल नट असेल तर काम सोपं, कारण त्याला साधी मोठी गोटी चालते. गोल खाचांच्या नटाला मात्र खाचांइतकेच दात असलेला सॉकेट लागतो. एक दात धरणारा हूक पाना त्याला फिरवेल, पण टॉर्क मोजू देणार नाही.

इंच आणि मिलिमीटर यांची गल्लत सर्वांत जास्त नट खाते. सव्वातीन इंच म्हणजे ८२.५५ मिलिमीटर. त्यावर ८५चा सॉकेट चढतो, आणि चढला म्हणजे बसला असं वाटतं. अडीच मिलिमीटरच्या त्या ढिलाईत जोर बाजूंवर न येता कोपऱ्यांवर येतो आणि जुना जाम नट पहिल्याच झटक्यात गोल होतो. असा अनुभव घेतलेला माणूस ‘सॉकेटपेक्षा छन्नी बरी’ म्हणतो, आणि त्याच्या जागी त्याचं खरंही असतं. पण त्याला हवा होता योग्य मापाचा सॉकेट.

माप जुळलं तरी आणखी दोन गोष्टी राहतात. नट हबच्या तोंडात खोल बसलेला असतो, म्हणून सॉकेटची भिंत जाड असली तर तो आत शिरत नाही. हबच्या तोंडाचा आतला व्यास आणि सॉकेटचा बाहेरचा व्यास आधी ताडून बघावा. दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही. बहुतेक सॉकेटच्या तोंडाला आतून उतार असतो, नटावर पटकन चढावा म्हणून. हब नट आणि चेक नट पातळ असतात. उतारातच नटाची निम्मी जाडी गेली तर पकड उरते काठावर आणि जोर दिला की सॉकेट निसटतो. अशा सॉकेटचं तोंड लेथवर सपाट उतरवून घ्यावं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कित्येक ‘खराब’ सॉकेट त्याने कामाचे होतात. एअर गन वापरणार असाल तर चकाकते क्रोमचे सॉकेट तिच्यावर लावू नका, ते तडकतात. तिच्यासाठी काळे, जाड, इम्पॅक्टचे सॉकेट असतात. आणि गन सोडवण्यासाठीच. हब नट बसवताना गनने आवळणं छन्नीइतकंच आंधळं आहे. काही एक्सलवर डाव्या बाजूचे आटे उलटे असतात, तेही जोर लावण्याआधी पाहून घ्यावं.

तुमच्या दारात वर्षभरात आलेल्या गाड्यांच्या एक्सलची यादी करा. ती वाटते तेवढी लांब निघत नाही, कारण गॅरेज सहसा एकाच मार्गावरच्या, एकाच धंद्यातल्या गाड्यांवर चालतं. ऊसवाल्यांचं गॅरेज आणि कंटेनरवाल्यांचं गॅरेज वेगळं असतं. आधी सर्वांत जास्त येणाऱ्या एक्सलचा सॉकेट घ्या, बाकीचे हळूहळू.

कंपनीचाच महागडा घ्या, असंही मी म्हणत नाही. पाइपचा तुकडा ठोकून षट्कोनी केलेला आणि वर टॉमीसाठी भोक पाडलेला देशी बॉक्स पाना मला नको आहे, कारण जोर आला की तो पसरतो. पण जालंधर-लुधियानाचा माल देशभर मिळतो, नाशिकला सातपूरमध्ये हत्यारं बनतात आणि भोसरीच्या एखाद्या चांगल्या लेथवाल्याला ईएन-२४ पोलाद, नेमकं माप आणि पाणी देण्याची सूचना दिली तर तो आयात मालाच्या तोडीचा सॉकेट बनवून देतो. पोलाद चांगलं हवं, माप नेमकं हवं आणि वर टॉर्क पान्याचा चौकोन हवा. नाव कुणाचं का असेना.

छन्नीला हबवर एक काम आहे, ते मी नाकारत नाही. नट आधीच गोल झाला असेल, आट्यांना चिकटून बसला असेल, तर तो चिरून काढावा लागतो. तिथे भोकं पाडून छन्नीने नट फोडणं योग्य आहे. गॅसची ज्योत हौसिंगच्या टोकावर धरण्यापेक्षा तर फारच योग्य. पण फोडलेला नट फेकायचा असतो. घासून, सरळ करून त्याच गाडीवर परत चढवायचा नसतो.

अंदाजाची किंमत कायद्याने कशी लावली, याचं एक ठळक उदाहरण कॅनडातलं आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यात ऑन्टॅरिओ प्रांतात ट्रकची चाकं सुटून रस्त्यावरची माणसं मेली. काही ठिकाणी चाकाचे नट सैल होते, काही ठिकाणी बेअरिंग गेलं होतं. १९९७ साली तिथे कायदा झाला: व्यावसायिक गाडीचं चाक सुटलं तर २,००० ते ५०,००० डॉलर दंड, आणि ‘आम्ही सगळी काळजी घेतली होती’ हा बचाव मान्य नाही. ट्रकवाल्यांनी त्याला आव्हान दिलं. २००३ साली तिथल्या अपील न्यायालयाने कायदा कायम ठेवला. इतका कडक कायदा योग्य की अयोग्य, यावर वाद होऊ शकतो. पण त्याने एक गोष्ट केली. हबच्या कामाचा खर्च ज्याच्या खिशातून जातो त्यालाच चूक महाग पडू लागली.

आपल्याकडे वाहतुकीच्या गाडीला पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते ज्या दिवशी मिळतं त्या दिवशी हब उघडलेला नसतो, त्यामुळे आतला नट कसा बसवला हे त्यात येत नाही. ती माहिती मालकालाच मागावी लागेल. हब ग्रीसिंगचं बिल देताना त्यावर तीन गोष्टी लिहून मागा: नट कुठल्या सॉकेटने आणि किती टॉर्कला बसवला, चेक नट आवळल्यानंतर डायलवर प्ले किती आला, आणि कुठल्या चाकाचा. चेक नट आवळल्यानंतर, हे मुद्दाम लिहिलं आहे, कारण तो आवळताना आटे ताणतात, आतला नट सूक्ष्म सरकतो आणि आधी घेतलेलं माप खोटं ठरतं. डायल गेज मिळत नाही अशी तक्रार पुण्यात तरी कुणी करू नये, ती इथेच बनतात. जे गॅरेज या तीन गोष्टी लिहून देतं त्याला उक्त्यावर शंभर-दोनशे रुपये जास्त द्या, आणि जे देत नाही त्याला गाडी देऊ नका. मिस्त्री सॉकेट विकत घेईल तो एखादा लेख वाचून नाही, या बिलामुळे घेईल.